शेवटच्या अकरा दिवसांची उजळणी

३ मार्च

आले एकदाची! मॅडमच्या घरातली वरची खोली मला मिळाली आहे. एक टेबल, एक खाट, आणि खिडकीतून थेट फाटक दिसतं. पेपर चौदा तारखेला. गेल्या वर्षी बाकी सगळ्या विषयांत तरले आणि रसायनशास्त्रात तीन गुणांनी बुडाले. फार्मसी कॉलेजला दोनच प्रयत्न चालतात, म्हणजे हा शेवटचा. आई दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. निघताना म्हणाली, या वेळी नापास झालीस तर माझ्या शेजारची इस्त्री तुझी. म्हणाली हसतच, पण मग बराच वेळ माझ्या बॅगेचा पट्टा नीट करत बसली.

मॅडम साठीच्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या. परीक्षेच्या तोंडावर एकाच मुलाला किंवा मुलीला घरी ठेवून घेतात आणि त्यांच्या हाताखालचं कोणी आजवर नापास झालेलं नाही. बोलायला मात्र भारी. जेवताना लहानपणाच्या तीन गोष्टी सांगितल्या. पहिल्या गोष्टीत त्यांना पाच भाऊ होते, तिसरीत त्या एकुलत्या एक होत्या. वय झालं, चालायचंच.

४ मार्च

मॅडमची पद्धत अजबच आहे. धडा उघडण्याआधी डोळे मिटून आपली एक आठवण त्यांना सांगायची, अगदी सविस्तर, हातचं काही न राखता. डोक्यात आधी जागा करावी लागते म्हणे. मला हसू येत होतं, पण अडला हरी! मी आजोबांनी सायकल शिकवली ती गोष्ट सांगितली. मागून सीट सोडूनही आजोबा ‘धरलंय, धरलंय’ ओरडत राहिले, मी वळून पाहिलं आणि थेट गटारात. गुडघ्याला चार टाके.

मग इलेक्ट्रोकेमिस्ट्री एकदा वाचलं. एकदाच. मॅडमनी उलटसुलट विचारलं, गणितंही घातली, एक उत्तर चुकलं नाही. वर्षभर जो धडा डोक्यावरून गेला तो असा बसला! नाचावंसं वाटलं.

६ मार्च

आणखी चार धडे झाले. डायक्रोमेट नारिंगी, क्षपण झालं की हिरवं, हे मी दात घासतानाही बडबडते. त्या बदल्यात काय काय सांगितलं ते नीट आठवत नाही. शाळेचा पहिला दिवस सांगितला बहुतेक.

दुपारी आईचा फोन आला होता. मध्येच एका लहान मुलीने फोन घेतला आणि ताई, ताई करत सुटली. ही कोण, मला कळेना. आईने विचारलं, धाकटीशी बोलत का नाहीस. मी म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे. आईला ते पटलं.

८ मार्च

जेवताना मॅडमनी सांगितलं की त्यांच्या आजोबांनी त्यांना सायकल शिकवली. सीट सोडूनही ‘धरलंय, धरलंय’ ओरडत होते. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मलाही गोष्ट फार आवडली.

आत्ता ही वही चाळली. चार तारखेचं पान. अक्षर माझंच आहे.

गुडघ्यावर व्रण आहे. चार टाक्यांचा. कितीही डोकं खाजवलं तरी सायकल आठवत नाही, आजोबांचा चेहराही नाही. मला भीती वाटते आहे.

९ मार्च

सरळ विचारलं. मॅडमनी नाकारलं नाही. म्हणाल्या, त्यांचं स्वतःचं असं काहीच उरलेलं नाही, जे आहे ते मुलांनी दिलेलं. दिलेलं परत मिळत नाही. जायचं असेल तर फाटक उघडं आहे.

पण ऑरगॅनिक सगळं बाकी आहे. तेवढं नाही आलं तर पुन्हा तीन गुण कमी, पुन्हा आईचा तो चेहरा. मॅडम म्हणतात, ऑरगॅनिक मोठं आहे, त्याला फुटकळ आठवण पुरणार नाही. आई लागेल.

मी बॅग भरली. मग पुन्हा रिकामी केली.

११ मार्च

उपाय सापडला. आई आधी या वहीत उतरवून घ्यायची. मग मॅडमना सांगायची. मग वहीतून आईला परत पाठ करायचं, धड्यासारखं. पाठांतर तर आता माझ्या हातचा मळ आहे. मॅडमना हे सुचलंच नसेल.

आई. मध्यम उंची. उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग. बोलताना पदराने नाही, मनगटाने घाम पुसते. मी आजारी असले की रात्रभर पाय चेपते. चिडली की मला पूर्ण नावाने हाक मारते, लाडात आली की म्हातारे म्हणते. पाच पानं भरली.

१२ मार्च

सांगितलं. सकाळपासून दुपारपर्यंत. मॅडम रडत होत्या, हसत होत्या. शेवटी म्हातारे म्हणाल्या — मला.

ऑरगॅनिक झालं. सगळं. आल्डिहाइड असेल तर परीक्षानळीला आतून चांदीचा आरसा धरतो.

१३ मार्च

पाच पानं पाठ. उंची मध्यम. उजवं मनगट. मुद्दे अकरा. न बघता लिहून काढले, अकराही बरोबर.

काहीच वाटत नाही. कोणाचं तरी वर्णन आहे. पुन्हा वाचलं. पुन्हा. शब्द आहेत नुसते — मी काय करून बसले —

१४ मार्च, सकाळ

फाटकाशी एक स्त्री आली आहे. मध्यम उंची. मनगटाने घाम पुसला. डाग — आहे. लक्षणं जुळतात. माझ्याकडे बघून हात हलवते आहे. परीक्षेला सोडायला आली असेल. मी हात हलवला नाही.

मॅडम धावत खाली गेल्या. तिच्या कानाशी काहीतरी बोलतायत. खूप वेळ. ती आधी मागे सरली. आता ऐकते आहे. रडते आहे. त्यांचा चेहरा हातात धरून —

आता ती वर बघतच नाहीये.

दोघी निघाल्या. हातात हात. ओरडायला हवं, आत्ताच, वळण आलं. तिला हाक काय मारायची ते वहीत आहे, दोन अक्षरी शब्द, पहिल्याच ओळीत, काल तर पाठ —