मेबलचे शेवटचे शब्द

सोमवार, ७ मार्च १९३८
आजपासून दारू बंद. जेवणाआधीचा एक पेग दारूत धरत नाही.
आमचे निर्माते ग्रूबरसाहेब यांनी बोलावलं. नायिका मरते तो सीन चौघा लेखकांनी लिहिला, चौघांचाही पडला. ऑर्विल, तुझी बायको नुकतीच गेलीय, तुला जमेल, म्हणाले. माणूस दिलदार, फक्त बोलायची अक्कल नाही.

मंगळवार, ८ मार्च
सीन तयार. अकरा मिनिटांत! ऑक्टोबरात मेबल गेली ती माझा हात धरूनच. म्हणाली, ऑर्विल, तू लिहीत राहा, मी ऐकतेय. तेच नायिकेच्या तोंडी घातलं. यातला एक शब्दही कुणाला बदलू देणार नाही.

शुक्रवार, ११ मार्च
मिस कॉर्डेल, म्हणजे आमची नायिका, सेटवर अडून बसली. मरताना कुठली बाई असं बोलते हो? मी शांतपणे सांगितलं, माझी बायको. बाई रडली. शूटिंग झालं.
यंदा बक्षीस मिळणारच. भाषण लिहून ठेवलंय. नम्र आहे.

गुरुवार, १२ मे
पोमोनाच्या थिएटरात आधी न सांगता पिक्चर दाखवून बघितला. मेबलच्या वाक्याला एक बाई हसली. मग सगळं थिएटर. पोमोनाची हवा कोरडी, घसे खवखवत असतील. पण प्रेक्षकांना वाटलेल्या मताच्या कार्डांवर सदतीस जणांनी लिहिलंय, ही मरते कधी एकदाची?

शुक्रवार, १३ मे
ग्रूबरसाहेब वाक्य काढायला निघालेत. म्हणाले, अरे, मरणारी बाई नवऱ्याच्या लिखाणाची काळजी करत बसते होय? मी म्हटलं, साक्षीदार आहे माझ्याकडे.
फ्रेस्नोला मेव्हणीला, इर्माला, पत्र टाकलं. मेबलच्या उशाशी शेवटपर्यंत तीच होती. मेबल काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहून, सही करून पाठव. आलं की ग्रूबरच्या टेबलावर आपटतो.
पेग तीन. जेवणाला उशीर झाला म्हणून.

गुरुवार, १९ मे
इर्माचं पत्र आलं.
भावोजी, तुम्ही खोलीत नव्हताच. मी स्टुडिओत तीनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, अर्धं पान राहिलंय, संपवून येतो. ती दोनला गेली, तुम्ही साडेचारला आलात. ती एवढंच विचारत होती, आला का गं ऑर्विल? शेवटी मी खोटंच सांगितलं, आलाय म्हणून. मग गेली.
खाली सही आहे.

त्याच दिवशी, दुपारी
पत्र ग्रूबरला दाखवलं नाही. वाक्य काढा म्हणून फोन केला. ते म्हणाले, कालच काढलं.
हात मी धरला होता. पण साडेचारनंतर.
आणि अर्धं पान नव्हतंच राहिलं. तिच्या मरणाची मला भीती वाटत होती, हे एक. पण तेवढंच नाही. त्या दुपारी लिखाण छान चाललं होतं. फार दिवसांनी छान चाललं होतं. म्हणून उठलो नाही.