चोवीस तासांचा कॅन

डिलाईल रोड,
सोमवार, १७ मार्च २०२५

चि. शिवास,

आक्काचा आशीर्वाद. आम्ही आहोत, तुम्हीही असाल. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद. शेजारची रश्मी रे रोडला दुपारच्या कामाला येते, तिच्या हाती देते. तिला पाणी विचार.

काम एवढंच, माझी गेल्या वर्षीची फाईल तुझ्याकडे राहिली, ती पाठव. डॉक्टर मागतायत.

तुझा भाचा दीपक बरा आहे. सून सकाळच्या पाळीला जाते. खानावळ मी बंद केली. लोकांना सांगते, कंटाळा आला. मागच्या सोमवारी तांदळाचा डबा उचलला आणि काटकन वाजलं. रश्मी म्हणाली, "मावशी, झाकण वाजलं." झाकण नव्हतं. बरगडी होती.

दीपक परळला घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण आहे, पण फुकट गोड बोलत नाही. म्हणाली, हाडाच्या आत मगज असतो, तिथल्या पेशी रोगाशी लढायला हजार तऱ्हेची प्रोटीनं करतात. माझी एक पेशी बिघडली, तिचीच पिलावळ वाढली, आणि ती सगळी एकाच तऱ्हेचं बिनकामाचं प्रोटीन रक्तात सोडतेय. मी म्हटलं, "म्हणजे शंभर डबे भरायचेत, आणि एक बया शिरून सगळ्यांत नुसतं मीठ भरतेय."

"बरोब्बर, आजी. आणि आता ती चूलसुद्धा फोडतेय."

चूल म्हणजे हाडं. किडन्याही तुंबल्यात. मायलोमा म्हणतात. कॅन्सरच तो.

मग दीपकने जुन्या रिपोर्टचं काढलं. बाई लिहिता लिहिता थांबली. "वर्षापूर्वी लघवीत काहीच नव्हतं? आणि आज एवढं? मग हा फार जोरात पळतोय. औषध तसंच कडक द्यावं लागेल, ते या वयात झेपेल का, बघायला हवं. फाईल आणा, मंगळवारी ठरवू."

मी "आणते" म्हणून उठले.

शिवा, तो रिपोर्ट खोटा आहे. लॅबवाल्यांनी नाही केला. मी केला.

तू पाच लिटरचा कॅन आणलास, चोवीस तासांची सगळी लघवी यात भर म्हणालास. अरे, आपला संडास गॅलरीच्या टोकाला. नळावर बाप्ये दात घासत उभे. चाळीस वर्षं ज्यांना जेवू घातलं, त्यांच्यासमोरून कॅन घेऊन दहा वेळा जाऊ? पहाटेचं एकदा भरलं. बाकी नळाचं पाणी. रक्ताची ती दुसरी तपासणी सांगितली होती, तीही दिली नाही. तुला सांगितलं, दिली.

आणि वर, रिपोर्ट चांगला आला म्हणून पूजेच्या दिवशी अख्ख्या चाळीसमोर ओरडले, "बघा, सख्खा भाऊ धडधाकट बहिणीला पेशंट करायला निघाला होता!" बाबुराव हसला, मग सगळेच हसले. तू प्रसाद न घेता जिना उतरलास. तुझा द्रोण मी झाकून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या.

कंबर तेव्हाही दुखत होती. लघवीला फेस तेव्हाही येत होता. मला कळत नव्हतं असं नाही.

आता फाईल पाठवू नकोस. घेऊन ये. उद्या डॉक्टरणीला, दीपकसमोर, मी सांगणार आहे. तू शेजारी बस. नाहीतर हे तोंड पुन्हा खोटं बोलेल.

डॉक्टरणीने पुन्हा तसाच कॅन दिलाय. आज सकाळी सातला सुरू केला. गॅलरीतून उघडा घेऊन जाते. बाबुराव ब्रश तोंडात धरून बघत राहिला. म्हटलं, "बघतोस काय, सरक." सरकला. आतला फेस मला बघवत नाही, झाकण पटकन लावते. आत्ता एवढासा भरलाय, तरी उचलताना बरगडी बोलते.

उद्या सातला बंद करायचा आणि परळला पोचवायचा. दीपक उचलेल, मला ठाऊक आहे. पण गेल्या वर्षी नळाचं पाणी तू तीन जिने उतरून नेलंस, जपून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. मी वरून बघत होते.

हाही तूच ने. यात पाणी नाही.

तुझी खोटारडी
आक्का