सर्व्हरमधला समाध्यांचा नकाशा

४ नोव्हेंबर, मंगळवार

नकाशा उघडत नाही. सकाळपासून आठ वेळा केलं. फाईलचं नाव दिसतं, उघडायला गेलं की अर्ध्यावर थांबते आणि तीच पाटी — इनपुट-आउटपुट एरर.

काल गावाहून भावकीतल्या आबासाहेबांचा फोन होता. मोजणीची तारीख लागली, बुधवार, २६ नोव्हेंबर. आमच्या लिंगायतांच्या स्मशानभूमीला लागून दत्तरावांचं शेत. बांध कोरत कोरत ते बेलाच्या झाडापर्यंत आले. आता म्हणतात, बेलाच्या पूर्वेला कुणाला पुरलेलंच नाही, ती जमीन माझी. त्या बाजूला दगड नाहीत, नुसते उंचवटे होते, तेही बसले. कोण कुठं आहे हे जुनी माणसं बेलापासून पावलं मोजून सांगायची. आमच्या यांनी दोन वर्षं रविवारी-रविवारी इथून, मानवतहून, गावी जाऊन सगळं विचारलं, फोटो काढले, नकाशा केला. ‘पूर्ण झाल्यावर सगळ्यांना देतो’ म्हणायचे. सगळ्यात जास्त माहिती सांगणाऱ्या गौराबाई उन्हाळ्यात गेल्या. ऑगस्टमध्ये हे गेले. आपल्या दुकानात, बसल्या जागी.

नकाशा फक्त इथे आहे. हॉलच्या कोपऱ्यात यांनी कायम चालू ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. हे त्याला सर्व्हर म्हणायचे. मामा, माझे सासरे, म्हणतात राजेश्वरची पेटी.

आबासाहेब म्हणाले, “सूनबाई, कागद दाखवला तर ती पट्टी वाचती. न्हाई तर ट्रॅक्टर फिरतंय बघा.”

५ नोव्हेंबर

बंद करून चालू केला. तेच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेजातून आल्यावर सर्व्हरचं पान उघडलं. पासवर्ड यांनी पेटीच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवला होता. बरं झालं.

आत दोन डिस्क आहेत. एकीवर जे जातं तेच दुसरीवर जातं. एक मेली तरी दुसरी आहे, असं हे सांगायचे. तर एक मेली आहे. २८ सप्टेंबरलाच! आणि आता दुसरी वाचताना अडखळते आहे.

सव्वा महिना कुणालाच कसं कळलं नाही? कळवत होता. सर्व्हर रोज इशाऱ्याचा मेल पाठवत होता — यांच्या मोबाईलवर. तो मोबाईल मीच बंद करून कपाटात ठेवला. रोज कुणी ना कुणी फोन करायचं, ज्यांना कळलं नव्हतं ते. मला सांगवत नव्हतं.

आज काढून चालू केला. एक्केचाळीस मेल. वाचले सगळे.

९ नोव्हेंबर, रविवार

परभणीहून भुजंग आला. यांचा मित्र, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. चहा घेता घेताच म्हणाला, “वहिनी, एकदा फॉरमॅट मारून बघू का?” मी त्याच्याकडे बघितलं फक्त. मग म्हणाला की सवयीनं तोंडातून जातं, राजेश्वरही यावरून मला ‘फॉरमॅटराव’ म्हणायचा. आम्ही दोघंही थोडं हसलो. 

त्यानं डिस्कची केबल बदलली. एका जातीचे एरर थांबले. मला वाटलं झालं. नकाशा लावला — अर्ध्यावर थांबला.

भुजंगचं म्हणणं, डिस्क लय तापायलीय, त्यानंच मरायलीय. का तापते ते त्याला सांगता आलं नाही. दुरुस्तीच्या फंदात पडू नका, नवी डिस्क घ्या आणि आधी जुनीची नक्कल करून घ्या, असं सांगून गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

का तापते ते कळलं.

सकाळी मामा लिंगपूजा आटोपून हॉलमध्ये आले आणि पेटीसमोर बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. भस्माची चिमूट घेतली आणि पेटीच्या पुढच्या जाळीवर तीन बोटं ओढली. वर आणखी एक चिमूट. जाळीच्या मागे पंखा आहे. तो ओढतच होता.

ते उठल्यावर पेटी उघडली. पंख्याच्या पात्यांवर, डिस्कच्या फटींत, सगळीकडे राखाडी थर. डिस्क ६१ अंश. ऑगस्टपासूनचे सगळे सोमवार आत साचलेले.

मला इतका राग आला! ब्रशनं तासभर झाडत होते आणि मनात नको नको ते बोलत होते. यंत्र आहे हे कळत नाही का? शेवटी जाऊन सांगितलंच की मामा, विभूती आत जाते, त्यानं डिस्क खराब होते, यांचं सगळं काम त्यात आहे.

 ते म्हणाले, “मंग त्येला कुठं लावू? समाधी पडली गावाकडं. ह्या गुडघ्यानं मला एसटी चढता येईना.”

 मी म्हटलं, पेटीच्या मागच्या भिंतीवर लावा. तिथे पंखा नाही.

१२ नोव्हेंबर

नवी डिस्क आली. लावली. दिसत नाही.

१३ नोव्हेंबर

दिसत नाही. केबल बदलली. पाच नंबरच्या जागेवरून सहा नंबरला लावली. नाही. भुजंगला फोन केला, तो म्हणाला डिस्कच खराब आली असेल, परत करा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परत करून दुसरी आणली. तीही दिसत नाही. भुजंग म्हणतो, मग मदरबोर्ड गेला. उद्या म्हणेल लाईट गेली.

आबासाहेबांचा परत फोन. दत्तराव पारावर सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, राजेश्वर लय हुशार होता, नकाशा सोबतच घेऊन गेला. लोक हसले. आबासाहेबांनी हे मला कशाला सांगावं? माझ्या हातून भाजी करपली. मामांनी मुकाट्यानं खाल्ली.

अकरा दिवस राहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. भुजंगला नाही, मला!

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मुलांना सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. आणि स्वतः चार दिवस मनाला येईल ते उपटत होते. आज वही घेतली. काय कुठे लावलंय ते सगळं लिहिलं. मग यांच्या खणातून मदरबोर्डचं पुस्तक काढलं. एकशे चाळीस पानं, अक्षर मुंगीएवढं. बत्तिसाव्या पानावर तळटीप — बोर्डवर छोटी पट्टीची डिस्क बसवली असेल तर पाच आणि सहा नंबरच्या जागा बंद राहतात. त्या दोन डिस्कशिवाय यांनी जुलैत तशी पट्टी बसवलेली आहे, नुसता सर्व्हर चालू होण्यापुरती. दोघींना रस्ता एकच. एक आली की दुसरीनं थांबायचं.

डिस्क चांगली. बोर्ड चांगला. आधीची परत केलेलीही चांगलीच असणार. मेलेली डिस्क काढली, तिच्या दोन नंबरच्या जागेवर नवी लावली. लगेच दिसली.

भुजंगला कळवलं. म्हणाला, “वहिनी, दुकानात या आता, मी घरी बसतो.”

१७ नोव्हेंबर, सोमवार

नक्कल सुरू केली. भुजंगनं सांगितलेला प्रोग्रॅम चांगला आहे. वाचता येत नाही तो तुकडा सोडून पुढे जातो, सगळं संपलं की मागे येऊन परत प्रयत्न करतो, कुठवर आलो याची नोंद ठेवतो.

मामांनी भिंतीवर तीन बोटं ओढली. मग मला विचारलं की चालतंय ना इथं.

१८ नोव्हेंबर

लाईट गेली, चार तास. इन्व्हर्टर अर्ध्यात बसला. ६४ टक्क्यांवर बंद. मी नुसती स्टुलावर बसून राहिले. लाईट आल्यावर नोंदीवरून ६४ पासूनच पुढे सुरू झालं. हे एक तरी नीट झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

९९.९ वर अडकलं आहे. थोडेच तुकडे राहिलेत, पण ते नेमके कुठल्या फाईलचे हे कळायला मार्ग नाही. नकाशाचे असले तर? डिस्क आता खरखर आवाज करते. भुजंग म्हणतो आता ताणू नका, जे आलं ते आलं. मी ताणते आहे. मामा दर अर्ध्या तासानं विचारतात, किती झालं? मी म्हणते तेवढंच. आज त्यांच्यावर खेकसले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जुनी डिस्क सकाळी सहाला कायमची थांबली. नव्या डिस्कवरून नकाशा उघडला.

उघडला! काही फोटो अर्धे करडे आहेत, पण मजकूर शाबूत. एकूण ६१ समाध्या. प्रत्येकीला क्रमांक, बेलापासून दिशा, पावलं, नाव, आणि सांगणारं कोण — गौराबाई, आबासाहेब, मामा. पूर्वेला चौदा आहेत. आबासाहेबांना कळवलं. ते म्हणाले, आता दत्तरावांना मोजू द्या किती मोजायचं ते. मामांना मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. तिसाव्या क्रमांकापर्यंत आले आणि त्यांचा डोळा लागला. बाकीचं उद्या छापताना वाचते.

२३ नोव्हेंबर, रविवार

क्रमांक ४७. बेलापासून पूर्वेला, एकोणीस पावलं. नाव — माधवी राजेश्वर. जन्म आणि मृत्यू ११ फेब्रुवारी २००४. सांगणारा — स्वतः.

आमची मुलगी सहा तास होती. मी दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा हे गावाकडून परतसुद्धा आले होते. कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. नाव ठेवलं होतं हे आज कळलं.

बुधवारी मोजणीला मी जाणार. यांची पावलं लांब होती. माझी बावीस-तेवीस भरतील.