देवीला झाड न्हाई

१० मार्च १९४३, बुधवार. लोणावळे

तळपट होवो त्या हौशीरामाचं! तुळशीला पाणी घातलं आणि हात पुसून पहिलं हेच लिहिते आहे. पाप लागलं तर लागो.

सकाळी सोपान आला. माझा पाठचा भाऊ, पण दारात उभा राहिला तो म्हाताऱ्यासारखा. "आक्का, राईला कुऱ्हाड लागली."

माहेरची वाघजाईची राई, टाकव्याच्या वर डोंगरात. तिथली वाळकी काटकीही कोणी कधी चुलीत घातली नाही. होळीलासुद्धा नाही! आणि हा कोळशाचा ठेकेदार तिथे भट्ट्या लावतो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात — म्हणून आमची देवी जाळायची!

"गाव गप्प बसलं?" मी विचारलं.

"न्हाई. देवीला इच्यारल्याबिगर तोडायचं न्हाई म्हनलं. पर इच्यारनार कुनाला? धोंडाबाई गेल्यापास्नं देवीला झाड न्हाई."

जिच्या अंगात देवी येते, तिला आमच्याकडे देवीचं झाड म्हणतात. इथल्या शेजारणींना सांगितलं तर हसतील. धोंडाबाई श्रावणात वारली. तरी हौशीरामाने साऱ्या गावाला दिवसभर देवळापुढे बसवलं. कोणी घुमलं नाही. संध्याकाळी उठून म्हणाला, "देवी गप हाय. गप म्हंजी व्हय." वर हसला — "देवीलाच झाड न्हाई, मंग ही झाडं कुनाची?"

ते हसणं मी त्याच्या घशात घालीन.

१२ मार्च, शुक्रवार

यांच्या कानावर घातलं. हे मालधक्क्यावर कारकून. म्हणाले, "त्याच्या गोण्यांच्या पावत्या मीच फाडतो. आपण कशाला मध्ये पडा? झाडं काय, पुन्हा येतील."

पुन्हा येतील! हिरड्याच्या एकेका बुंध्याला आमच्या दोघांच्या कवेत घेता येणार नाही. त्याच्या मुळांत झरा आहे. वैशाखात विहिरी आटतात तेव्हा अख्खं गाव तिथे हंडे भरतं. डोंगर उघडा पडला की पहिल्या पावसात माती खाली भातखाचरांत, आणि झरा मेला. मग पाण्याची पावती कोण फाडणार?

आज भाजीला फोडणी दिली नाही. तेल वाचलं आणि यांना राग कळला.

१४ मार्च, रविवार

ठरलं. पूजेला बसले असताना ठरलं, याची लाज वाटते. पण ठरलं.

देवीला झाड नाही ना? मी होते झाड!

मॅट्रिक झालेली मी. 'अंगात येणे हे निव्वळ थोतांड' असं शाळेत निबंधात लिहून शाबासकी मिळवलेली. पण धोंडाबाईचं घुमणं लहानपणी दर मंगळवारी पाहिलं आहे. आधी डावा खांदा हलतो, मग मान, मग केस सुटतात. दुपारी दार लावून आरशासमोर करून पाहिलं. हसू आलं. मग हौशीरामाचं तोंड डोळ्यांपुढे आणलं — हसू पळालं. चांगलं जमलं.

आई, तुझ्या नावाने खोटं बोलणार आहे. तुझ्यासाठीच. दंड काय तो मागाहून कर.

१७ मार्च, बुधवार

काल उपाशीपोटी गेले. आगगाडीने कान्हे स्टेशनला उतरून पुढे सोपानच्या बैलगाडीने. राईत शिरताच धुराने डोळे चुरचुरले. शेकरांची घरटी जमिनीवर पडलेली. मग नाटक करणं कठीण गेलं नाही.

मी घुमू लागले तसे तोडणारे थबकले. भिमाजी गुरव पुढे आला. "कोन हायस तू?"

"माझीच राई तोडता आन मलाच इच्यारता?" — ही बोली माझ्या तोंडून किती वर्षांनी निघाली! — "माझ्या केसांवर कुऱ्हाड घालता?"

कुऱ्हाडी खाली पडल्या. हौशीराम मात्र पानाची पिंक टाकून ओरडला, "सोंग हाय ह्ये! मालधक्क्यावरल्या कारकुनाची बायको हाय ती!"

तेव्हा मी त्याच्या अगदी जवळ गेले आणि हळू म्हटलं, "घरी जा. रतनला इच्यार, सपनात कोन आलतं."

रतन त्याची बायको. तिचं स्वप्न मला काय ठाऊक! पण स्वप्न कोणाला पडत नाही? त्याचं पान तोंडातच राहिलं. मग तो खाली वाकला. मी पाय मागे घेतला नाही. कपाळ घासू दिलं. फार गोड वाटलं!

२२ मार्च, सोमवार

सोपान आला. भट्ट्या विझल्या. मजूर गेले. राई वाचली!

"आता दर मंगळवारी गाडी धाडतो, आक्का. देवीला झाड मिळालं म्हनत्यात. झाड पडलं तर राई पडंल. हौशीराम बी नारळ घिऊन बसतोय."

त्याला नारळावर सोडते की काय! आधी लोणावळ्याहून राईपर्यंत अनवाणी चालायला लावीन. मग मिशा उतरवीन. मग वैशाखात झऱ्याचं पाणी खांद्यावर वाहून हिरड्याची रोपं जगवायला लावीन, एक मेलं तर दहा लावायला. सोपानला सांगितलं तर तो खाली बघून म्हणाला, "बास कर की. राई वाचली न्हवं?"

कधी बास ते मी ठरवीन. उद्या जायचंच नाही. बसू दे मेल्याला दिवसभर देवळापुढे, जसं त्याने गावाला बसवलं. गप म्हणजे काय, ते कळू दे!

२३ मार्च, मंगळवार

गाडी परत पाठवली. हे कामावर. घरात मी एकटी, दार लावलेलं, तांदूळ निवडत बसले होते.

डावा खांदा हलला.

मी हलवला नव्हता.