आठ दिवस गप्प असलेली मोटारसायकल

मी, बुलांदीना नांतोंगो, वय अंदाजे शहात्तर, राहणार क्यामुलेरा, जिल्हा मसाका, युगांडा, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली नसताना, फक्त घशातल्या गाठीला घाई असल्यामुळे, माझे हे शेवटचे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे.

मला अक्षर येत नाही. म्हणून मास्तर मुलोन्दो यांना अट घातली आहे की माझ्या तोंडून निघेल ते सगळे उतरवायचे, आणि मध्ये कुणी बोलले तर तेही. लिहून झाले की तीन वेगवेगळ्या माणसांकडून मी हे वाचून घेणार आहे. एक जरी वाक्य गळालेले सापडले, तर मास्तर सहावीत असताना माझ्या फणसाखाली काय करत होते तेही यात घालीन. मास्तर म्हणतात, "लिहितोय आजी, सगळं लिहितोय."

कलम पहिले. राहते घर, त्यामागची केळीची बाग आणि माझी गादी माझ्या नातीला, नाब्बोसाला. वय वर्षे बारा. माझी मुलगी तेओपिस्ता वारली तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. माझ्या शेवटच्या विधींच्या दिवशी वारसाला घालतात ते झाडाच्या सालीचे वस्त्र तिच्याच खांद्यावर घालावे. ते लांब होईल. दुमडून घालावे, कापू नये, ती वाढणार आहे. वाढलीच पाहिजे.

कलम दुसरे. थोरला मुलगा कासिर्ये याला कॉफीची झाडे आणि वडिलांचा कोट. त्याच्याकडे शहरात दुकान आहे, गाडी आहे आणि बायकोचे मत आहे, आणखी काही लागेल असे दिसत नाही. मोटारसायकल त्याला देऊ नये. मागच्या ईस्टरला तो म्हणाला होता, "आई, ते भंगार वजनावर विकून टाकू." तेव्हा मी त्याला उकडलेल्या केळ्यांचे मातोके आणखी वाढले, कारण तोंड भरलेले असले की तो बरा असतो.

कलम तिसरे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. माझी मोटारसायकल. शंभर सीसी. टाकी लाल होती, आता गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंनी पांढरी पडली आहे. किलोमीटरचा काटा एकदा सगळे आकडे संपवून शून्यावर आला आणि दुसऱ्या फेरीत अर्ध्या वाटेवर केबल तुटून थांबला. रोज गावातला पोरगा वास्वा ती बोडा म्हणून भाड्याने चालवतो, माणसे, कोंबड्या, साखरेची पोती पोचवतो. पण तिचे खरे काम वेगळे आहे. नाब्बोसाला सिकलसेल आहे. कळा सुरू झाल्या की तिला एकतीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्यावे लागते, आणि तेही तेव्हाच्या तेव्हा. दुसरे वाहन या गावात नाही. म्हणून ही गाडी पहिल्या किकला सुरू झालीच पाहिजे, हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते मला माहीत नाही, मास्तरांनी ते जाड अक्षरात लिहावे.

गाडी ज्याच्याकडे जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. काटा बंद आहे, म्हणून शहराची एक फेरी झाली की डब्यात घेवड्याची एक बी टाकावी. पंचवीस बिया झाल्या की ऑईल बदलावे. ऑईल अजून बरे दिसते, असे म्हणू नये. मीही अजून बरी दिसते. चेन मधोमध दोन बोटे वरखाली हलली पाहिजे. ती तारेसारखी ताणून ठेवली तर मागे माणूस बसल्यावर तुटते. क्लचची जादा केबल जुन्या केबलीला लागूनच ओवून ठेवावी, म्हणजे रस्त्यात शोधावी लागत नाही. रस्त्याकडेला बाटलीत मिळते ते पेट्रोल घालू नये. कोरड्या दिवसांत एअर फिल्टर दर रविवारी धुवावा, प्रार्थनेला जाण्याआधी. देव थांबतो, लाल धूळ थांबत नाही. येथे हजर असलेले धर्मशिक्षक कातेन्दे यांनी हरकत घेतली. हरकत लिहावी, वाक्यही राहू द्यावे.

आता टॅपेट. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांना नीट मिटायला केसाएवढी फट लागते, ती टॅपेटच्या स्क्रूने राखतात. फट असली की इंजिन बारीक टकटक करते. गाडी म्हातारी होते तसा व्हॉल्व्ह खोल रुतत जातो, फट बुजते आणि टकटक थांबते. लोक खूश होतात. पण मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, जळतो, आणि एक दिवस भर चढावर गाडी जीव सोडते. वाजणारी गाडी घरी आणते.

माझी मोटारसायकल आठ दिवस गप्प आहे.

वास्वाला सांगितले तर तो म्हणाला, "आजी, लोण्यासारखी पळतीये की! तुला काय वाजलेलीच आवडते?" मी म्हटले, "वास्वा, मी गप्प नवरा पाहिला आणि गप्प इंजिन पाहिले. दोन्ही आतून जळत होते." तो हसला. गावचा मेकॅनिक हसला. "इतकी गोड चालतेय, उघडू कशाला?" म्हणाला. ज्याने मला हे सगळे शिकवले तो शहरातला मेकॅनिक राजधानीला निघून गेला. पावसाला तीन आठवडे उरले आहेत. पावसाचा गारठा आला की पोरीला कळा येतात, दरवर्षी येतात. मी रोज दारात बसून कान लावते आणि ती गाडी मांजरासारखी येते. मला ओरडायचे असते आणि या घशातून मोठा आवाज निघत नाही.

हे काम जाणणारा एकच माणूस उरला आहे, माझा धाकटा मुलगा सेबुन्या. चार वर्षे तो या अंगणात आलेला नाही. त्याला आमचे काही नको आहे. म्हणून कातेन्देंच्या हाती निरोप पाठवला की साक्षीदार कमी पडतो आहे.

येथे सेबुन्या आला. दारातच थांबला.

"सही कुठं करायची?"

"बस की जरा."

"उभा बरा आहे."

"चार वर्षं उभाच आहेस का रे?"

त्याने चौकटीला खांदा टेकला. मास्तर, तेही लिहा.

कलम चौथे. जुनी भांडणे. भांडण एकच आहे, ते आता मिटवायचे आहे, आणि त्याने ते उभ्यानेच ऐकावे.

नाब्बोसाची मोठी बहीण नाम्पीमा, तिलाही हाच आजार होता. तेव्हा गाडी सेबुन्या चालवायचा. दुपारी मी पडवीत डोळा लावला की ती टकटक करत यायची. मी त्याला म्हटले, "तुझ्या गाडीला खोकला झालाय, बंद कर तो." तो म्हणाला, "आई, हा आवाज असावाच लागतो." मी म्हटले, "मला शिकवू नकोस." तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही, ताट दाराबाहेर ठेवले. चौथ्या दिवशी त्याने टॅपेट आवळले. त्यानंतर सहा आठवडे मी छान झोपले.

मग एका दुपारी नाम्पीमाला कळा आल्या. दलदलीच्या पुलापुढच्या चढावर गाडी बंद पडली. वाटेत कुणी भेटले नाही. त्याने तिला पाठीवर घेतले आणि पळत सुटला. दवाखान्याच्या फाटकाशी त्याला थांबवून कुणीतरी सांगितले, आता पळू नकोस.

दफनाच्या वेळी सगळ्या कुळासमोर मी ओरडले, "यानं मारली माझी पोर, यानं टॅपेट आवळले." ते खरे होते. कुणाच्या हट्टामुळे आवळले, ते मी गिळले. गाठ त्याचीच झाली असे मला वाटते. डॉक्टर नाही म्हणतात, पण ते शिकलेले आहेत.

सेबुन्या म्हणाला, "मास्तर, हे लिहू नका."

लिहा.

"आई, हात माझे होते. मला माहीत होतं काय होतं ते, तरी आवळले."

"आणि मला माहीत नव्हतं, तरी हुकूम सोडला. हे लिहून घ्या मास्तर."

हे कलम माझ्या शेवटच्या विधींच्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे, केळ्याची दारू वाटण्याआधी. नंतर कुणी ऐकत नाही.

कलम पाचवे. मोटारसायकल, बियांचा डबा, नटबोल्टचे पाने आणि फट मोजायची पातळ पात्यांची पट्टी सेबुन्याला. नाब्बोसाला कळा आल्या की त्याने तिला न्यावे. हा हुकूम म्हणून लिहू नये. हुकूम सोडून काय होते ते मी वर सांगितले आहे. मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात पाया पडण्याची पद्धत नाही. तरी लिहा. बुलांदीना नांतोंगो आपल्या मुलाच्या पाया पडते. नोव्हेंबरात पकडून तळतात ते टोळ खायला मी उरणार नाही, पण पाऊस त्याआधी येईल, आणि ती पोर रडत नाही, कळा आल्या की उशी चावते, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

सेबुन्या म्हणाला, "नको मला ती गाडी. सही करतो, जातो."

मास्तर म्हणाले, "थांब रे. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तू सही केलीस तर तुझं कलम गेलं. उरलंसुरलं सगळं थोरल्याकडे जातं, गाडी कासिर्येकडे जाईल."

"जाऊ दे," म्हणत त्याने पेन घेतले. त्याचे नाव मास्तरांनी आधीच लिहून ठेवले होते, फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात वास्वा अंगणात आला. मागे नाब्बोसा बसली होती, शाळेच्या गणवेशात. गाडी आली तशीच आली, एक टकटक नाही. सेबुन्याने मान तिरकी केली. वास्वाने इंजिन बंद केले तरी त्याची मान तशीच राहिली.

नाब्बोसा म्हणाली, "मामा, तू आलास?"

तो म्हणाला, "वास्वा, आता कुणी या गाडीला किक मारायची नाही. फट मोजायला इंजिन पूर्ण गार लागतं. सकाळी उघडतो."

मी विचारले, "आणि तोवर पोरीला कळा आल्या तर?"

त्याने पेन मास्तरांच्या हातात परत दिले आणि दारात चपला काढल्या.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच तोंडचा आहे, फक्त मास्तरांनी शिव्या गाळल्या आहेत, ते चालेल.

ठिकाण: क्यामुलेरा. दिनांक: १७ सप्टेंबर २०१८.

बुलांदीना नांतोंगो हिच्या डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार: मुलोन्दो, शिक्षक.

साक्षीदार:
१. बोनिफास कातेन्दे, धर्मशिक्षक (सही, रविवारबद्दलची हरकत कायम ठेवून)
२. पेरपेतुआ नाज्जेम्बा, सुईण (सही)
३. सेबुन्या. हे नाव खोडले आहे, कारण ते लाभार्थी आहेत. खाडाखोड मान्य: बुलांदीना नांतोंगो हिचा अंगठा.