चारासियाची पट्टी

मी, निवृत्त मेजर एडमंड लॅसकम, वय त्रेसष्ट, राहणार चेल्टनहॅम, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणतात, कायद्याला गुडघे लागत नाहीत.

१. बँकेतील शिल्लक बहीण हॅरिएट हिला. तिने माझ्या राहणीला आयुष्यभर नावे ठेवली, तरी दर नाताळला पुडिंग पाठवले.

२. तलवार भाचा पर्सिव्हल याला. तिला धार नाही. लावू नये.

३. राहते घर सामानासह माझा नोकर अमोस पिजली याला. पलटणीत माझ्या तंबूवर शिपाई होता, तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. हॅरिएट भांडेल. भांडू द्यावे.

४. माझी पदके हॅरिएटला चर्चमध्ये काचेच्या पेटीत लावायची आहेत. चीनचे खुशाल लावावे. अफगाण युद्धाचे लावू नये. त्याच्या फितीवर चारासियाच्या लढाईची चांदीची पट्टी आहे, आणि त्या लढाईत मी नव्हतो. हगवणीने तंबूत पडलो होतो. कारकुनाने लढलेल्यांच्या यादीत माझे नाव घातले, मी ते राहू दिले. अमोस माझ्या उशाशी होता. त्याचेही नाव यादीत होते. त्याने स्वतः जाऊन ते काढायला लावले. म्हणून त्याच्या पदकाची फीत कोरी.

‘ब्लॅक बुल’ गुत्त्यात जुना सार्जंट हार्कर त्याला अजून डिवचतो, “काय रे पिजली, चारासियाला कुठल्या गाडीखाली लपला होतास?” अमोस बिअर पीत राहतो. एकदा मी विचारले, “सांगून का टाकत नाहीस?”

“काय सांगू साहेब? तुमचं भांडं उचलत होतो म्हणून?”

वीस वर्षे मला याची लाज वाटते आहे.

५. पट्टी काढून सैन्य खात्याला परत करावी. चौथे कलम रविवारी दुपारी, गुत्ता भरलेला असताना, वकिलांनी मोठ्याने वाचावे. हार्करला पुढे बसवावे. जिवंतपणी हे मला जमले नाही. आता थकलो आहे.

हे सर्व आज अमोसला वाचून दाखवले.

“आता कशाला साहेब? सवय झालीय मला.” मग त्याने विचारले, “म्हणजे दर रविवारी ती पट्टी पुसायची नाही ना आता?”

“नाही.”

“मग ते फडकं बुटांना घेतो,” म्हणाला, आणि गेला.

सही: एडमंड लॅसकम
साक्षीदार: डॉ. सायलस वेदरली; जॉर्ज टिबल, पाववाला
(घर अमोसला जात असल्याने साक्षीला त्याची सही चालत नाही.)
चेल्टनहॅम, १२ फेब्रुवारी १९००