लग्नाच्या गाडीचा ब्रेक

८ जून, रविवार
उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला टेकलं. शेजारच्या डिनीच्या मेंढ्या वेळेत बाजूला झाल्या, नाहीतर संबंध बिघडले असते. पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर गेलाय. शनिवारी उनाचं लग्न. लेकीला तुझ्याच गाडीतून चर्चला नेईन, असा शब्द बायकोला, नोरीनला, ती जाण्याआधी दवाखान्यात दिला होता. चर्च टेकडीच्या पायथ्याशी, तेव्हा ब्रेक हवाच. गॅरेजवाला म्हणाला, तासाभराचं काम आहे, आणून टाक. तासाभराचं आहे तर मीच करतो की. पबमध्ये तसं जाहीरही केलं.

९ जून
आज पान्हे पुसले. निम्मं काम तयारीतच असतं.

१० जून
जुना सिलिंडर निघाला. थोडं ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडलं. नंतर पुसतो.
संध्याकाळी: मडगार्डचा रंग सोलून आला. तसाही जुनाच होता. त्या बाजूने फोटो काढू द्यायचे नाहीत.

११ जून
नवा सिलिंडर बसला. जमिनीवर एक जाड चकती उरली. कारखानेवाले कशाकशाची भर घालतात. नोरीन असती तर विचारलंच असतं, "काही उरलंय का?" दर वेळी विचारायची. नळ्यांतली हवा काढताना ती आत बसून पेडल दाबायची आणि मी गाडीखाली स्क्रू उघडायचो. खरं काम खालचं. ती नुसती बसायची.

१२ जून
वरही थोडंफार काम असतं, असं दिसतं. मी पेडल दाबून खाली पोचेपर्यंत ते वर आलेलं असतं. काठी अडकवली. मोडली. पेडल अजून लोण्यात पाय घातल्यासारखं.
डिनी कुंपणावरून म्हणाला, "कॉन, लेका, पाय उसना देऊ का?"
म्हटलं, झालंच आहे. रविवारी माझ्या मेंढ्यांनाही हेच सांगत होतास का, म्हणाला. अशा माणसाचा पाय घेऊन काय करायचंय.

१३ जून, शुक्रवार
उना बाल येशूची मूर्ती देऊन गेली. आज रात्री कुंपणाखाली ठेवायची, म्हणजे लग्नात पाऊस येत नाही. नोरीनच्या आईची मूर्ती. उंची बघितली. सीट आणि पेडल यांच्यामध्ये अगदी मापाची.
दुपारी: पेडल दाबून धरताना मूर्तीचं डोकं तुटून गेलं. आपोआप गेलं तर शुभ मानतात. आपोआपच गेलं, मी गाडीखाली होतो. गोंदाने चिकटेना, म्हणून ती उरलेली चकती गळ्यात घालून बसवलं. शोभून दिसतं.
पेडल तसंच. डोळ्यांत ऑइल गेलं, असं लिहिणार होतो. नाही. उताणा पडून रडलो. पाणी कानात जातं.

१४ जून, शनिवार
सकाळी उना केसांत रोलर घालून आली, सरळ गाडीत बसली. मी खाली शिरलो. वरून आवाज आला, "दाबलंय. सोडू?" अगदी नोरीन. हे तुला कसं येतं, विचारलं.
"आईने शिकवलं. म्हणाली, बाबाला कुणीतरी लागेल, पण तो मागणार नाही."
कान पुसले. पेडल दगडासारखं घट्ट झालं.
अकराला निघालो. लख्ख ऊन. फाटकाशी ब्रेक लावून पाहिला. उत्तम लागला. सुटेना. चारी चाकं जाम, मागे पांढऱ्या झग्यात उना. डिनीने जीप आणली. उना पुढे बसली, मी मागे, कुत्र्याशेजारी. निघताना तिची नजर कुंपणाखालच्या मूर्तीवर गेली, गळ्यातल्या चकतीवर थांबली.
"बाबा, काही उरलं होतं का?"
मी कुत्र्याला थोपटत राहिलो.

संध्याकाळी
लग्न लागलं. लेक चर्चला पोचली, नोरीन, पण तुझ्या गाडीतून नाही. शब्द मोडला. गाडी फाटकात आडवी, पाहुणे सोललेल्या मडगार्डला टेकून फोटो काढतायत. गाडीचं पुस्तक आता उघडलं. चकती सिलिंडरच्या मागे बसते, नाहीतर ब्रेक लागला की सुटत नाही. म्हणजे चूक एवढीशीच होती. आता लगेच बसवून टाकतो, म्हणून कुंपणापाशी जाऊन चकती ओढली.
डोकं हातात आलं.